ठवकर मॅडमचा गुडघा

नागपुरात मानेवाड्याच्या पुढे एका खाजगी शाळेच्या मागच्या मैदानावर प्रेमलता ठवकर मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि संध्याकाळी आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या मुलीही तिच्याकडे यायच्या. वय त्रेचाळीस, आवाज खणखणीत, नजर तिखट. पण ती स्वतः कधी उडी मारायची नाही. ब्लॉक कसा करायचा, स्मॅश मारताना हात कुठून फिरवायचा, हे सगळं ती जमिनीवर उभी राहून नुसत्या हातांनी दाखवायची. एखाद्या नव्या मुलीने कारण विचारलं की जुन्या मुली सांगायच्या, "मॅडमचा गुडघा गेला आहे. युनिव्हर्सिटीकडून खेळत होत्या, तवाच गेला."

गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. हे फक्त प्रेमलतालाच माहीत होतं.

ती पारशिवनीजवळच्या एका खेड्यात वाढली. वडिलांनी पेंच नदीवर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून फाटकं जाळं आणून अंगणात दोन बांबूंना बांधून दिलं, तिथपासून तिचा खेळ सुरू झाला. अंगाने शेलाटी, पाय लांब, आणि उडी अशी की शाळेचे सर दुसऱ्या शाळांच्या सरांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. त्या उडीवरच तिला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलवर राहिली, विद्यापीठाच्या संघात आली.

विसाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की उंच उडी मारून जमिनीवर आलं की थेंबभर लघवी निसटते. आधी तिला घाम वाटला. मग घाम नाही हे कळलं. तिने गडद रंगाच्या चड्ड्या घ्यायला सुरुवात केली. सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. नागपूरच्या उन्हात जीभ टाळ्याला चिकटायची, पोटऱ्यांमध्ये गोळे यायचे, तरी पाण्याचा जग समोर आला की ती दुसरीकडे पाहायची. आईला सांगावंसं वाटलं नाही. खोलीतल्या मैत्रिणीला, नंदिनीला सांगणं तर शक्यच नव्हतं. असं म्हाताऱ्या बायकांना होतं, एवढंच तिने ऐकलं होतं. आपण विशीतल्या, लग्न नाही, मूल नाही, आणि तरी होतं. म्हणजे आपल्याच शरीरात काहीतरी घाण आहे, असं तिने मनाशी धरून टाकलं.

मग आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आधीचा एक सामना आला. संघाला नवे कपडे मिळाले होते, फिक्या पिवळ्या रंगाचे. शेवटच्या सेटमध्ये ती ब्लॉकसाठी नेटजवळ उंच गेली, खाली आली, आणि या वेळी थेंबावर भागलं नाही. तिने खाली पाहिलं. मैदानाभोवती कॉलेजची मुलं दाटीने उभी होती. कोणाचं लक्ष जायच्या आत प्रेमलता गुडघा धरून कोसळली आणि ओरडली. नंदिनी बर्फाच्या पाण्याचा जग घेऊन धावली आणि तो सगळा जग तिने प्रेमलताच्या गुडघ्यावर, मांडीवर ओतला. कपडे चिंब झाले. आता काही ओळखू येणार नव्हतं. प्रेमलता रडत होती आणि सगळ्यांना वाटलं, दुखतंय.

त्या क्षणी तिला सुटल्याचा आनंद झाला होता. पुढे वर्षानुवर्षं तिला लाज वाटत राहिली ती लघवीची तर होतीच, पण त्या आनंदाची जास्त.

डॉक्टरांना एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. आतला स्नायुबंध दुखावला असेल, आराम कर, म्हणाले. तिने आराम केला, काही महिने लंगडली आणि खेळ सोडला. पुढे शिक्षण पुरं करून शाळेत लागली. मौद्याच्या वीज प्रकल्पात काम करणाऱ्या विक्रमशी लग्न झालं. मुलगा झाल्यावर त्रास वाढला. शिंकलं तरी व्हायचं. आता तर बाळंतपणानंतर असं होतंच, असं म्हणून तिने ते स्वतःशी खपवून घेतलं. कोणी विचारतही नव्हतं.

नूपुर मैदानावर आली ती एका डिसेंबरच्या सकाळी. तिशीची, धरमपेठेत राहणारी फिजिओथेरपिस्ट. एका मेडिकल कॉलेजच्या क्रीडावैद्यक विभागात तिचं संशोधन चाललं होतं. शहरातल्या वेगवेगळ्या मैदानांवरच्या खेळाडू मुलींना भेटून ती त्यांच्या दुखापती, झोप, पाळी, खाणंपिणं यांची माहिती गोळा करत होती. पालकांची परवानगी तिने आधीच घेतली होती. कडुनिंबाखालच्या बाकावर बसून तिने प्रेमलताला सगळं समजावून सांगितलं.

"आणि एक प्रश्न जरा नाजूक आहे, मॅडम," ती म्हणाली. "उडी मारताना किंवा पळताना लघवी निसटते का, हेही मी विचारणार आहे. एकेकटीला, खोलीचं दार लावून. नाव कुठेही येणार नाही."

प्रेमलताचे कान तापले. "या वयाच्या पोरींले कायले होईन असं?"

"होतं ना. उड्या मारायच्या खेळांत तर बऱ्याच जणींना होतं. प्रत्येक उडीला पोटातला दाब खाली येतो आणि तो पेलणारे तळाचे स्नायू तेवढे तयार नसतात. आपण समजतो की बाळंतपणानंतरच होतं. पण कोणी बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकीला वाटतं, हे फक्त मलाच आहे."

एवढ्या सरळ शब्दांत हे तिच्यापुढे कोणी पहिल्यांदाच बोलत होतं. प्रेमलताला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला भीती वाटली, की ही पोरगी आपल्याकडे पाहूनच ओळखेल. तिने मांडीवरची ओढणी सारखी केली.

"आमच्या इथं नाही असं काही," ती म्हणाली. "पण तुमी विचारा. माझी काही ना नाही."

दुसऱ्या दिवशी नूपुर मुलींशी बोलणार होती. त्या संध्याकाळी सराव संपल्यावर प्रेमलताने मुलींना नेटजवळ गोल बसवलं.

"उद्या त्या डॉक्टर मॅडम काही असं-तसं विचारतीन. उडी मारतानी लघवी होते का, वगैरे. आपल्या टीममध्ये असं काही नाही. सिधं 'नाही' म्हणून सांगून द्यायचं. एकीच्या तोंडून काही निघालं, का साऱ्या टीमचं नाव खराब. मंग घरचे पाठवतीन का तुमाले खेळाले?"

मुली खिदळल्या. एकीने टी-शर्टात तोंड लपवलं. मयुरा तेवढी हसली नाही. ती संघातली सगळ्यांत उंच, अकरावीतली मुलगी. खाली मान घालून ती बुटाची नाडी बांधत होती, आणि बांधून झाली तरी बांधतच राहिली. प्रेमलताने ते पाहिलं, आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना घरी पाठवलं.

होळीच्या सुमारास नूपुरचा फोन आला. तिचा आवाज उत्साहात होता.

"मॅडम, बाकीच्या मैदानांवर साधारण चार मुलींत एक हो म्हणाली आहे. तुमच्याकडे एकही नाही. तुम्ही नेमकं काय करून घेता मुलींकडून?"

हा फोन ठेवण्याआधी खरं सांगता आलं असतं. प्रेमलताने तोंड उघडलंही. मग ती म्हणाली, "काही खास नाही. पोटाचे, कंबरेचे व्यायाम करून घेतो आमी. रोज."

धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात प्रशिक्षकांची कार्यशाळा होती. नूपुरने तिला तिथे बोलायला बोलावलं. नाही म्हणायला कारण सुचेना म्हणून प्रेमलता गेली. चांगली साडी नेसून ती माईकसमोर उभी राहिली आणि आपल्या मैदानावरच्या व्यायामांबद्दल बोलली. व्यायाम खरे होते, ती ते करून घ्यायचीही. फक्त त्यांनी काय साधलं हे खोटं होतं. उमरेडहून आलेले एक प्रौढ प्रशिक्षक पहिल्या रांगेत बसून मन लावून लिहून घेत होते. मध्येच त्यांनी हात वर करून विचारलं, "मॅडम, हे जेवणाआधी का जेवणानंतर?" तिने उत्तर दिलं. टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी एक तरुण प्रशिक्षिका तिचा नंबर घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी मुख्याध्यापकांनी शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने तिचं अभिनंदन लिहिलं. तो फळा टाळायला प्रेमलता आठवडाभर मागच्या फाटकाने शाळेत जात होती.

परीक्षा संपल्यावर जिल्हा संघाच्या निवडीचा सराव सुरू झाला. मयुराची निवड नक्की होती. एक दिवस ती गुडघ्याला पट्टा लावून आली आणि बाजूला बसून राहिली.

"मॅडम, गुडघा दुखून राहिला माझा."

"केव्हापासून?"

"कालपासून. उडी नाही मारता येत."

प्रेमलताने नूपुरला बोलावलं. नूपुरने मयुराला बाकावर झोपवून गुडघा वाकवून पाहिला, दाबून पाहिला, चालायला लावलं. मग ती प्रेमलताला थोडं दूर घेऊन गेली.

"गुडघ्यात मला काहीच सापडत नाही. पण उडी मारून दाखव म्हटलं की तिचे डोळे भरतात. भीती कशाची आहे ते कळत नाही. तुम्ही एकदा बोलून पाहता का? तुमचं ऐकेल ती."

प्रेमलताने मान हलवली. मयुराला काय झालंय हे तिला पट्टा पाहिला तेव्हाच कळलं होतं.

मयुराची आई, जिजाबाई, सकाळी चौकात तर्री-पोह्याचा ठेला लावायची. प्रेमलता घरी गेली तेव्हा ती ओट्यावर दुसऱ्या दिवसाचे हरभरे निवडत बसली होती. "समजवा वं मॅडम तिले," ती म्हणाली. "जेवत नाही धड, पाणी पेत नाही. म्हणते खेळ सोडतो." तिने दोघींना गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर वाळवणं पसरली होती. मयुरा कठड्याला टेकून उभी राहिली.

"गुडघा नाही दुखत न तुहा?" प्रेमलताने विचारलं.

मयुराने गुडघ्यावरचा पट्टा वर ओढला.

"उडी मारल्यावर लघवी होते. हाव का नाही?"

मयुराचा चेहरा पांढरा पडला. "तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही सांगतलं."

"मंग?"

"मलेबी होते," प्रेमलता म्हणाली. "तुह्यापेक्षा थोडी मोठी होती, तवापासून. माझ्या गुडघ्याले कधी काही झालंच नाही."

हे शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले होते. तिला वाटलं, आता पोरगी रडेल, आपल्याला बिलगेल, आणि आपण तिला धीर देऊ. मयुरा तशीच उभी राहिली.

"तुमाले होत होतं," ती हळू म्हणाली. "आन तुमी आमाले म्हणल्या, का आपल्यात असं काही नाही."

"हाव."

"मी सांगणार होती त्या मॅडमले. रात्रभर ठरवून ठेवलं होतं. तुमी म्हणल्या तवा मले वाटलं, का साऱ्या टीममध्ये मीच एकटी अशी आहो. तुमाले माहीत असतं तर तुमी मले काढून टाकलं असतं, असं वाटलं मले."

चूक झाली, असं काहीतरी प्रेमलता पुटपुटली. मयुराने मान फिरवली.

"तुमी जा आता, मॅडम. आई विचारंल, इतका वेळ काय बोलून राहिल्या म्हणून."

खाली जिजाबाईंनी चहा टाकला होता. तो प्रेमलताने उभ्यानेच प्यायला. काय म्हणाली, असं जिजाबाईंनी विचारलं, तेव्हा "डॉक्टरकडे नेऊ, बरी होईन ती," एवढं बोलून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकून ती नूपुरच्या विभागात गेली. नूपुर एकटीच होती. प्रेमलताने खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं: मुलींना गोल बसवून पढवलेलं, मयुराचा गुडघा, आणि शेवटी स्वतःचा. सांगताना ती टेबलाच्या पायाकडे पाहत होती.

नूपुरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी हे माझ्या मार्गदर्शकांपुढे मांडलं आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव घेऊन. कार्यशाळेत तर तुम्हालाच उभं केलं मी. त्या लोकांनी ते व्यायाम आपापल्या मैदानावर सुरूही केले असतील."

"हाव."

"तुमच्या मैदानाची उत्तरं काढून टाकावी लागतील. का काढली, तेही सांगावं लागेल."

"माझं नाव सांगा तुमी. मी नाही काही म्हणत."

"नावाने काय होणार आहे?" नूपुरचा आवाज पहिल्यांदा चढला. मग तिने चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या मुली दिवसभर जवळजवळ पाणीच पीत नाहीत, हे मला त्यांच्याच उत्तरांत दिसलं होतं. तिथे मला शंका यायला हवी होती. पण एक चांगलं उदाहरण मिळालं म्हणून मी खूश झाले. परत विचारलंच नाही. तेवढं माझं चुकलं."

बाहेर कोणीतरी व्हीलचेअर ढकलत गेलं.

"तुम्हाला अजून होतं?" नूपुरने विचारलं.

"आता या वयात काय करायचं त्याचं?"

"तपासायचं आणि उपचार करायचे. आणखी काय?"

तिने प्रेमलताला तपासलं आणि व्यायाम शिकवला. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात ते ओळखायचे, श्वास न रोखता आवळून धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. जमायला लागलं की उडीच्या ऐन आधी आवळायची सवय लावायची. पाणी तोडायचं नाही. त्याने उलट त्रास वाढतो.

"एवढंच?" प्रेमलताने विचारलं.

"सगळ्यांचं एवढ्यावर भागतं असं नाही. पण काही महिने नेमाने केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो."

प्रेमलताला तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या रडू आलं. खुर्चीत बसून कोणाला न कळता करता येईल अशा एका व्यायामाची तिला माहिती नव्हती, म्हणून तिने खेळ सोडला होता. आणि माहिती दाराशी चालून आली, तेव्हा तिने पोरींसाठी ते दार लावून घेतलं होतं.

मुलींना तिने त्याच आठवड्यात सांगितलं. पुन्हा नेटजवळ गोल बसवलं. आवाज नेहमीसारखा निघत नव्हता. ती म्हणाली, "मी तुमाले खोटं बोलाले लावलं. मले स्वतःले हा त्रास आहे, आन मले त्याची शरम वाटत होती. म्हणून तसं केलं." कोणी हसलं नाही, हेच तिला जास्त लागलं. मुली जमिनीकडे पाहत होत्या. नूपुरने प्रत्येकीशी पुन्हा एकांतात बोलायची वेळ ठरवली. या वेळी कोण काय म्हणालं ते प्रेमलताने विचारलं नाही, नूपुरने सांगितलं नाही. मात्र सरावाच्या आधी व्यायामाचा तास ठरला, तेव्हा एकही मुलगी गैरहजर राहिली नाही.

प्रशिक्षकांच्या ग्रुपवर नूपुरने संदेश टाकला, की एका मैदानाची उत्तरं चुकीची निघाल्यामुळे मागे घेतली आहेत. नाव नव्हतं. पण कार्यशाळेत बोललेली बाई एकच होती. उमरेडच्या प्रशिक्षकांचा फोन आला.

"मॅडम, मंग ते व्यायाम मी बंद करू का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती अडचण होती.

"व्यायाम चांगले आहेत, सर. पण त्याच्यानं हे होत नाही, असं मी जे म्हटलं, ते खोटं होतं. नूपुर मॅडमले विचारा. त्या बरोबर सांगतीन."

"बरं," ते म्हणाले. "माझ्या पोरींलेबी विचारतो मंग." आणि फोन ठेवला.

विक्रमला तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं. तो प्रकल्पावरून परतून पाय धुऊन बसला होता. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तू शिंक आली का पाय आवळून उभी राहते. मले वाटलंच होतं. तुले आवडणार नाही म्हणून विचारलं नाही."

एवढी वर्षं आपण ज्याच्यापासून लपवत होतो त्याला ते दिसत होतं, हे ऐकून ती उठून स्वयंपाकघरात गेली. जेवण होईपर्यंत तिला त्याच्याकडे पाहता आलं नाही.

मयुरा तिच्या मैदानावर परत आली नाही. नूपुरकडे ती नेमाने जात होती, हे जिजाबाईंकडून कळलं. त्या वर्षीची जिल्ह्याची निवड हुकली. दिवाळीनंतर ती नंदनवनकडच्या एका संघात खेळायला लागली.

मौद्याला खुल्या स्पर्धा होत्या तेव्हा दोन्ही संघ आले होते, पण त्यांची गाठ पडली नाही. प्रेमलता आपल्या मुलींना घेऊन बसली होती, तिथून मयुराचा सामना दिसत होता. मयुरा उंच जात होती. दर उडीआधी ती एक क्षण स्थिर व्हायची, आणि ते काय आहे हे प्रेमलताला कळत होतं. तिचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. बाहेर येताना मयुराने तिला पाहिलं, थांबली आणि हात जोडले.

"बरी आहेस?" प्रेमलताने विचारलं.

"बरी आहो, मॅडम."

मग मयुराच्या संघातल्या कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. प्रेमलताने तिला थांबवलं नाही. सांगण्यासारखं जे होतं ते तिने सांगून टाकलं होतं. फक्त मयुराला ते उशिरा मिळालं होतं. मैदानावर पुढच्या सामन्याची शिट्टी झाली, तेव्हा ती आपल्या मुलींकडे वळली आणि कोण कुठे उभी राहणार ते सांगू लागली.